काठोकाठ भरलेली डबी

मोटरसायकलचा पुढचा डिस्क ब्रेक धरायला माणसाला फार ताकद लागत नाही, दोन बोटं पुरतात. ही दोन बोटं एवढी जड गाडी, तिच्यावरचा माणूस, मागे बसलेली बायको आणि तिच्या मांडीवरची पिशवी या सगळ्यांना कशी काय थांबवतात, हा प्रश्न मला पस्तिशीत पडला. आज साठी उलटल्यावरही तो पुरता सुटलाय असं मी म्हणणार नाही. पण त्या प्रश्नाच्या मागे लागून मी बरंच काही शिकलो, आणि एकदा मागे लागायचं सोडून दिलं तेव्हा काय झालं तेही पाहिलं.

माझं गॅरेज नाशकात पंचवटीत, पेठ रोडला होतं. पत्र्याची शेड, पुढे एक कडुनिंब आणि त्याखाली गिऱ्हाइकांसाठी जुन्या बसमधलं एक बाकडं. मार्केट यार्डात येणारे शेतकरी, दिंडोरीकडचे द्राक्षवाले आणि पेठ, सुरगाण्याकडे नोकरीला जाणारे मास्तर, ग्रामसेवक, तलाठी ही माझी गिऱ्हाइकं. सगळे मला मिस्तरी म्हणायचे. माझं खरं नाव माझ्या रेशनकार्डाशिवाय फार कुणाला ठाऊक नव्हतं.

आधी सगळे ब्रेक तारेचे नाहीतर सळईचे. चाकाच्या मधोमध एक वाटीसारखा ड्रम, त्यात दोन लायनर. लिव्हर दाबली की तार ओढली जायची, लायनर फाकायचे आणि ड्रमला घासून चाक थांबवायचे. ढिला झाला की नट आवळायचा, लायनर संपले की नवे टाकायचे. सगळा कारभार डोळ्यांसमोर. ब्रेकच्या बाबतीत मला कुणी काही शिकवावं असं उरलेलं नाही, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती.

नव्वदचं दशक संपता संपता पहिली डिस्कवाली गाडी माझ्या दारात आली. लालभडक, नवी कोरी. मालक बँकेत कारकून. म्हणाले, "मिस्तरी, ब्रेक जरा लवकर लागू द्या." मी म्हटलं, पाच मिनिटं बसा. पाना घेऊन आवळायचा नट शोधायला लागलो, तर नटच नाही. लिव्हरपासून एक काळी रबरी नळी निघालेली, खाली चाकाजवळच्या लोखंडी ठोकळ्यात शिरलेली. आत तार असेल म्हणून नळी वाकवून पाहिली, तर आत काही सरकेना. हँडलवर एक छोटी चौकोनी डबी होती. म्हटलं गुपित इथेच असणार. दोन स्क्रू काढून झाकण उघडलं. आत मधासारखं पिवळं, पण पातळ काहीतरी. हात हलला आणि त्यातलं थोडं पेट्रोलच्या टाकीवर सांडलं. मी फडक्यानं पुसलं. फडकं लाल झालं तेव्हा मला आधी वाटलं माझं बोट कापलं. बोट धड होतं. टाकीचा रंग निघून फडक्यावर आला होता.

कारकूनसाहेब बाकड्यावर पेपर वाचत होते. त्यांना ते सांगायला मला जेवढा धीर गोळा करावा लागला, तेवढा लग्नात सासऱ्यांशी बोलतानाही लागला नव्हता. टाकी मी रंगवून दिली. पण माझ्या डोक्यातून ते पिवळं पाणी जाईना. रंग खाणारं हे काय तेल आहे, आणि त्याचा ब्रेकशी संबंध काय?

उत्तर आमच्या मागच्या गल्लीत राहत होतं. कुलथे काका ओझरच्या विमानाच्या कारखान्यातून रिटायर झालेले. सगळं आयुष्य विमानांच्या नळ्या आणि सिलिंडर यांच्यात गेलेलं. रोज सकाळी लूनात हवा भरायच्या निमित्ताने यायचे आणि तासभर बसायचे. मी त्यांना विचारलं, तर तोंडाने काही न सांगता ते घरी गेले आणि दोन इंजेक्शनच्या पिचकाऱ्या घेऊन आले. एक बारकी, एक गाईम्हशींना टोचायची जाडजूड. दोन्हींच्या मध्ये सलाईनची नळी जोडलेली, आत कुंकू कालवलेलं पाणी.

"तू बारकी दाब," ते म्हणाले. "मी मोठी अंगठ्यानं रोखून धरतो."

मी एका बोटानं बारकी दाबली आणि काकांचा अंगठा मागे सरकला. त्यांनी दोन्ही हातांनी धरली, तरी सरकलीच. ते माझ्याकडे बघून हसत होते. मी दहा वेळा तरी तो खेळ केला. बारकी खूप आत जायची, मोठी थोडीशीच बाहेर यायची, पण जोर मात्र जबरदस्त. मग काकांनी नळीत मुद्दाम थोडी हवा जाऊ दिली आणि म्हणाले, आता दाब. बोट आत गेलं, मऊ मऊ लागलं, पलीकडे काही हललंच नाही.

"पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते," काका म्हणाले. "तुझ्या त्या ब्रेकमध्ये कुठेतरी बुडबुडा असेल. तो काढ. आणि एक ध्यानात ठेव, ब्रेकचं ऑइल हवेतलं पाणी पितं. जुनं झालं की लवकर उकळतं." शेवटच्या वाक्याला मी मान डोलावली. ते मला कळलं नव्हतं, पण सगळंच विचारलं तर माणूस बावळट दिसतो.

हवा काढायची रीत मी शिकलो ती अशी. खालच्या ठोकळ्याला, म्हणजे कॅलिपरला, एक निपल असतं. त्याला पारदर्शक नळी लावायची, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवायचं. एकानं वर लिव्हर दोनतीनदा दाबून शेवटी दाबूनच धरायची. दुसऱ्यानं खाली निपल थोडं उघडायचं, बुडबुडे निघाले की बंद करायचं, मगच वरच्याने लिव्हर सोडायची. वरचा आधी सोडून मोकळा झाला, की आली हवा परत आत. मी एकटाच काम करायचो, म्हणून लिव्हरवर गिऱ्हाइकालाच बसवायचो. "दाबा, धरा, सोडा" असं चालायचं. काही लोकांना धरणं जमायचंच नाही. एक सरपंच होते, तालुक्यात त्यांचा शब्द कोणी मोडत नसे, पण लिव्हर धरून ठेवता ठेवता बोलायला लागले की हात सुटायचा. त्यांच्या गाडीची हवा काढायला अख्खी दुपार गेली.

डिस्क ब्रेक नवा होता तोवर लोकांनी त्याचं काय काय केलं ते सांगायला हवं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे रांग लागायची. खंडेनवमीला गाडी धुवायची, तेलाचा हात फिरवायचा, हळदकुंकू, झेंडूची माळ. चाकातली ती चकचकीत ताटली बघून माणसाला वाटणारच की हिलाही तेल लावावं. तेल लागलं की ब्रेक गेला. मी शेडवर पाटी लावली होती : "डिस्कला तेल लावू नये. कुंकू चालेल, कोरडे." लोक हसायचे आणि लावायचेच.

चांदवडचे एक कांद्याचे व्यापारी गाडी घेऊन आले आणि म्हणाले, "मिस्तरी, हा पुढचा ब्रेक बंदच करून टाका. लय डेंजर हाय. दाबला की माणूस डोक्यावरून पुढं जातो." मी त्यांना मागे बसवून यार्डामागच्या मोकळ्या मैदानात नेलं. आधी नुसता मागचा ब्रेक दाबून गाडी थांबवली, मग दोन्ही मिळून. जिथे थांबली तिथे चुन्याची खूण केली. शेठजींनी पावलं टाकून अंतर मोजलं, परत मोजलं, आणि डोकं खाजवत म्हणाले, "ही तर निम्म्यातच उभी राह्यली." त्यानंतर ते मागचा ब्रेक वापरायचेच विसरले. तेही चुकीचं, पण त्यांना आणखी एकदा मैदानात न्यायची माझी हिंमत झाली नाही.

आता माझ्या चुकीकडे येतो.

हँडलवरच्या त्या डबीला पुढून एक छोटी गोल काच असते. आत ऑइल किती आहे ते तिच्यातून दिसतं. खाली एक रेघ असते, तिच्या खाली ऑइल जाऊ द्यायचं नाही. गाडी सर्व्हिसिंगला आली, काचेत ऑइल जरा उतरलेलं दिसलं, की मी डबी काठोकाठ भरून द्यायचो. आमच्याकडे मोजून दिल्यावर वर मूठभर घालायची रीत. उतरलेली डबी घेऊन गिऱ्हाइकाला पाठवायचं म्हणजे पाहुण्याला अर्धा कप चहा देण्यासारखं मला वाटायचं. लोकही खूश व्हायचे. काच भरलेली दिसली की ब्रेक चांगला, असं मीच त्यांना शिकवलं होतं.

माझ्या या शिकवणीचे सगळ्यात पक्के विद्यार्थी होते गांगुर्डे गुरुजी. ते आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे बाईच म्हणत, दोघंही पेठ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर. पेठला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे, शनिवारी दुपारी नाशकात यायचे, सोमवारी पहाटे परत. गुरुजी गाडी कधी चाळिसाच्या वर नेत नसत. त्यांच्या मागून येणारे ट्रकवाले हॉर्न वाजवून थकायचे. गाडीचं सगळं काम ते एका वहीत लिहायचे. दर वेळी आल्यावर काचेवर बोट ठेवून म्हणायचे, "मिस्तरी, जरा उतरलंय." मी भरायचो. ते वहीत लिहायचे.

एकदा त्यांनी विचारलं, "गळत तर कुठे नाही. मग हे जातं कुठे?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मी नळी पाहिली, सांधे पाहिले, बोट फिरवलं. सगळं कोरडं. मला खरंच माहीत नव्हतं. पण मिस्तरीला माहीत नाही असं मास्तरांपुढे कसं म्हणायचं? म्हटलं, "उन्हानं उडून जातं, गुरुजी. घाट चढता-उतरता तापतं ना." त्यांनी तेही वहीत लिहिलं. एरवी मी नळ्या वाकवून बघणारा, पिचकाऱ्यांशी खेळणारा माणूस. त्या दिवशी स्वतःच बनवलेल्या उत्तरावर समाधान मानून दुसऱ्या गाडीकडे वळलो. पुढे काही महिन्यांनी ब्रेक दाबताना करकर आवाज येतो असं ते म्हणाले, तेव्हाही मी म्हटलं, डिस्क आहे, आवाज करतेच.

एका सोमवारी सकाळी पेठच्या वाटेवरचा सावळघाट उतरताना गुरुजींचा अपघात झाला. एका वळणाआधी ब्रेक दाबला तर लिव्हर सरळ मुठीला येऊन टेकली. मागच्या ब्रेकवर गाडी आवरेना. त्यांनी दरीकडे न जाता गाडी डोंगराच्या बाजूच्या चरात घातली. त्यांना खरचटलं. बाईंचा उजवा हात मनगटातून आणि कोपरातून मोडला.

दोन दिवसांनी बाईंचे भाऊ, बाळासाहेब, माझ्याकडे आले. दिंडोरीकडचे बागाईतदार, उंचपुरे, रागीट. बाकड्यावर न बसता उभ्याउभ्याच बोलले. "मिस्तरी, दाजी म्हणत्यात ब्रेक लागलाच नाय. मी सोता तिथं जाऊन लिव्हर दाबून पाह्यली. दगडासारखी टाईट हाय. तुम्ही सांगा, ब्रेक चांगला व्हता का नव्हता?"

मी दहाच दिवसांपूर्वी ती डबी भरली होती. मी छाती पुढे काढून म्हणालो, "काठोकाठ भरून दिलाय. माझ्या हातचा ब्रेक फेल जात नाही."

"मंग दाजींनीच हाणली गाडी," बाळासाहेब म्हणाले. "त्या दिशी मीटिंगला उशीर झाल्ता. अक्का मागून सांगत व्हती, हळू चालवा. घरूनच भांडण करून निघाल्ते." आणि ते गेले.

त्यानंतर गुरुजी बरेच दिवस आले नाहीत. गाडी पेठला कुणाच्या तरी गोठ्यात उभी होती. बाहेरून कानावर यायचं ते असं, की बाई आता एसटीनं येतात-जातात, गुरुजींच्या मागे बसायचं नावच काढत नाहीत. गुरुजी ब्रेक लागला नाही म्हणाले, त्यावर बाई एवढंच म्हणाल्या म्हणे, की मिस्तरींनी सांगितलंय, ब्रेक चांगला होता. त्या दिवसापासून घरात शाळेपुरतं बोलणं. हे ऐकून मला वाईट वाटलं, पण त्यात माझा काही भाग आहे असं वाटलं नाही. उलट शांत दिसणारी माणसं रस्त्यावर कशी वागतात कोण जाणे, असं मी कुणाला तरी म्हटलंही.

चार महिन्यांनी गाडी एका टेम्पोतून माझ्याकडे आली. गुरुजी स्वतः आले नव्हते. चिठ्ठी पाठवली होती : "वाकलेले सर्व सरळ करावे. ब्रेक पुन्हा तपासावा, ही विनंती." त्यांचं अक्षर नेहमीसारखं सुबक होतं. मी लिव्हर दाबली. बाळासाहेब म्हणाले तशीच, टणक. काच भरलेली. चिठ्ठी खिशात घालून मी हँडल सरळ करायला घेतलं. पण "पुन्हा तपासावा" हे शब्द काही केल्या डोक्यातून जाईनात. त्यांनी नुसत्या शिव्या दिल्या असत्या तर मी तो ब्रेक उघडला नसता.

मी कॅलिपर खोलला. आत दोन पॅड असतात, तेच ताटलीला दोन्हीकडून चिमटीत धरतात. लोखंडी पत्रा आणि त्याच्यावर घासायचा मसाला. एका पॅडवर मसाला नखाएवढा राहिला होता, दुसऱ्यावर नुसता पत्रा. ताटलीवर खोल चरे पडले होते. करकर आवाज होता तो लोखंडावर लोखंड घासल्याचा. 

सवयीनं हात चालू होते, म्हणून नवे पॅड घातले. नवे पॅड जाड असतात. त्यांना जागा करायला आतली दट्टी, म्हणजे ऑइलच्या जोरानं पॅड दाबणारा पिस्टन, मागे ढकलावी लागते. मी ती दाबून मागे ढकलली, आणि वर हँडलवर डबीतून ऑइल भळाभळा वर येऊन झाकणाच्या कडेनं टाकीवर ओघळलं. फडकं घेऊन धावलो आणि मध्येच थांबलो. हे एवढं ऑइल कुठून आलं?

मी दट्टी परत बाहेर काढली. डबीतलं ऑइल उतरलं. आत ढकलली, वर आलं. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या हातात खालीवर होत होतं. ऑइल कुठे उडून जात नव्हतं. पॅड झिजतो तशी दट्टी थोडी थोडी पुढे येते, तिच्या मागची जागा वाढते, आणि वरचं ऑइल ती जागा भरायला खाली उतरतं. म्हणजे काचेतलं ऑइल उतरतं तेव्हा ती डबी सांगत असते की पॅड झिजले, उघडून बघा. तिनं तोंड उघडलं की मी दर वेळी वरून ओतून ते बंद करत होतो.

तरीही एक कोडं राहिलंच. पॅड संपलेले असले तरी लिव्हर मुठीला कशी टेकेल? आणि टेकली तर दोन दिवसांनी दगडासारखी कशी होईल? बाळासाहेब खोटं बोलत नव्हते, मीही आत्ता दाबून पाहिली होती. मी जुनं ऑइल एका बाटलीत काढलं. कोऱ्या चहासारखं काळपट. पहिल्या दिवसापासून मी त्यात नुसती भर घातली होती, जुनं कधी बदललंच नव्हतं. कुलथे काकांचं ते अर्धवट कळलेलं वाक्य तेव्हा आठवलं. मी शेडच्या बाहेर शेगडी पेटवली, पत्र्याच्या दोन डब्यांत थोडं जुनं आणि थोडं नवं ऑइल घेऊन लांब उभा राहिलो. नवं निवांत होतं. जुन्यात बुडबुडे यायला लागले. शेगडी विझवली, डबा निवला, बुडबुडे गेले. ऑइल पुन्हा पहिल्यासारखं दिसायला लागलं, जसं काही झालंच नव्हतं.

घाट उतरताना सारखा ब्रेक, त्यात मसाला नाही, म्हणून सगळी उष्णता थेट दट्टीला आणि दट्टीतून ऑइलला. ऑइलानं प्यालेलं पाणी उकळलं, वाफ झाली. वाफ म्हणजे हवाच, दाबली की दबते. लिव्हर मुठीला टेकली. मग गाडी चरात पडून निवली, वाफेचं पाणी झालं आणि लिव्हर टणक. गुरुजी खरं बोलत होते. बाळासाहेबही खरं बोलत होते. खोटा शब्द एकाचाच होता, आणि तो मी छाती काढून बोललो होतो.

मला भीती वाटली, हे लपवत नाही. पेठकडची निम्मी गिऱ्हाइकं गुरुजींच्या शब्दावर माझ्याकडे येत. नवे पॅड, नवी ताटली, नवं ऑइल टाकून गाडी पाठवली असती तर कुणालाही काही कळलं नसतं. बाळासाहेब तर पुन्हा येणारच नव्हते. दोन दिवस मी तसाच बसलो. पण बाई नवऱ्याच्या मागे बसत नाहीत, ते माझ्या एका वाक्यामुळे, हे एकदा कळल्यावर मला जेवण गोड लागेना.

तिसऱ्या दिवशी गाडी मी स्वतःच चालवत पेठला निघालो. झिजलेले पॅड एका पिशवीत घेतले. सावळघाटात मुद्दाम सारखा ब्रेक दाबत उतरलो. खाली येऊन थांबलो, लिव्हर दाबली, काच पाहिली, आणि पुढे गेलो.

गुरुजी अंगणात वह्या तपासत बसले होते. बाई ओट्यावर डाव्या हातानं मेथी निवडत होत्या. उजवा हात अजून पुरता सरळ होत नव्हता. दोघांच्या मध्ये एवढं अंतर होतं की मला कुणाकडे बघून बोलावं कळेना. मी पॅड पिशवीतून काढून ओट्यावर ठेवले आणि बाईंकडे बघून सगळं सांगितलं. काच, डबी, दट्टी, शेगडीवरचे दोन डबे. एकदाही थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं. गुरुजींनी तांबडी पेन्सिल खाली ठेवली होती.

बाईंनी झिजलेला पॅड हातात घेतला, अंगठ्यानं चाचपला. मग विचारलं, "म्हणजे ऑइल उतरलेलं तसंच ठेवलं असतं, तर आधी कळलं असतं?"

"हो बाई."

"आणि यांनी ब्रेक दाबला होता."

"दाबला होता. त्यांच्या जागी कुणीही असता तरी लागला नसता."

"तुम्ही बाळासाहेबांना काय सांगितलं होतं?"

"माझ्या हातचा ब्रेक फेल जात नाही, म्हणून."

त्या उठल्या. आत जाऊन मोबाईल घेऊन आल्या, भावाला फोन लावला आणि माझ्यापुढे धरला. "त्याला तेव्हा जितक्या मोठ्यानं सांगितलंत, तितक्याच मोठ्यानं आता हे सांगा."

मी सांगितलं. शेजारच्या दोन घरांतली माणसं दारात आली, इतक्या मोठ्यानं सांगितलं. पलीकडून बाळासाहेब म्हणाले, "मंग तवा असं का बोलले तुम्ही?" मी म्हणालो, "तेव्हा उघडून बघितलं नव्हतं." यावर त्यांनी मला जे म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. ते मला लागू होतं.

फोन परत दिला तेव्हा गुरुजी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत होते.  तो डोळ्यांवर चढवून ते मला म्हणाले, "मिस्तरी, उन्हातून आलात. चहा घ्या. साडेपाचची एसटी आहे, मी तुम्हाला गाडीवर स्टँडला सोडतो." आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

मी त्यांच्या हातात किल्ली दिली. बाईंनी मेथीची सुपली बाजूला सारली, पायांत चपला घातल्या आणि पदर खोचला.

"स्टँड काही लांब नाही, मिस्तरी चालत जातील," त्या म्हणाल्या. "आधी मी बसते."

गुरुजींनी गाडी सुरू केली. बाई मागे बसल्या आणि डाव्या हातानं त्यांचा खांदा धरला. चाळिसाच्या आतच असणार, पण मला ती गाडी फार लवकर वळणाआड गेल्यासारखी वाटली. मला चहा मिळाला नाही. मी चालत स्टँडवर गेलो.